इंजिन ठोके मारतंय? आवाज कसा येतो त्यापेक्षा कधी येतो ते बघा

मे महिन्यात मामांच्या गाडीतून पुण्याहून कराडला निघालो होतो. गाडी ११ वर्षं जुनी, पेट्रोल, चालवत मामाच होते, एसी चालू, आत पाच माणसं, डिकी गच्च, आणि खंबाटकी घाट अर्धा चढून झाला तेव्हा बॉनेटखालून आवाज यायला लागला, पत्र्याच्या डब्यात बारीक खडे घालून हलवावेत तसा. मामा म्हणाले, "गेलं रे इंजिन." घाट उतरल्यावर हायवेच्या कडेला एक गॅरेज दिसलं तिथं थांबलो, त्या माणसानं दोनदा रेस करून बघितलं आणि सांगितलं बेअरिंग गेलंय, इंजिन उघडावं लागेल, गाडी इथंच सोडा. मामांचा चेहरा पडला. मला मात्र एक गोष्ट खटकत होती, ती म्हणजे तो रेस करत होता तेव्हा आवाज येतच नव्हता. तेलाची पट्टी बघितली, तेल बरोबर होतं, ऑइलचा लाल दिवाही लागलेला नव्हता, म्हणून हळूहळू साताऱ्यापर्यंत आलो आणि ओळखीच्या मेस्त्रींकडे गेलो.

मेस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी मामांना विचारलं, "काका, आत्ता वाजतंय का? नाही ना. सपाटीला वाजत होतं का? गियर खाली टाकल्यावर गेलं का? आणि टेंपरेचरचा काटा कुठं होता?" मामा म्हणाले, "तिसरा टाकला तसं कमी झालं बघा. सपाटीला काहीच नव्हतं. काटा निम्म्याच्या वर गेलेला." मेस्त्री म्हणाले, "मग बेअरिंगचं नाव काढू नका. पेट्रोल नको तेव्हा पेटतंय आतमध्ये."

नुसती चार प्रश्नांची उत्तरं घेऊन पूर्ण इंजिनकाम टळलं. म्हणून हे सगळं लिहितोय, कारण नॉकिंग, म्हणजे ठोका, हा एकच शब्द आपण दहा वेगवेगळ्या बिघाडांना वापरतो, आणि त्यातले काही शंभर-दोनशे रुपयांचे असतात, काही इंजिनच खाऊन टाकतात, आणि कानाला ते बऱ्याचदा सारखेच लागतात. आवाज टकटक आहे की ठकठक यावर आपण वाद घालत बसतो, पण खरी माहिती असते ती आवाज कशाबरोबर वाढतो आणि कशाबरोबर जातो यात. गार इंजिनवर की गरम, उभ्या गाडीत की चढाला, पाय दाबताना की सोडताना, क्लच दाबला की बदलतो का, एसी बंद केला की जातो का. हे तुम्हालाच माहीत असणार, मेस्त्रींना नाही, कारण गाडी रोज तुम्ही चालवता.

बाकी काही वाचायच्या आधी एक लक्षात ठेवा. ठोक्याबरोबर ऑइलचा लाल दिवा लागला, नुसता लुकलुकला तरी, गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. पुढच्या पंपावर बघू, गाव दोन किलोमीटरवर आहे, असं काही नाही. तो दिवा तेल कमी झाल्याचा नसतो, तेलाचं प्रेशर गेल्याचा असतो, आणि प्रेशर गेल्यावर मिनिटांचाच खेळ असतो. दिवा नसेल तर सपाट जागी गाडी लावून, बंद करून ५-१० मिनिटं थांबून पट्टी काढा, फडक्यानं पुसा, परत घालून काढा. दोन खुणांच्या मधलं अंतर बऱ्याच छोट्या गाड्यांत साधारण एक लिटरचं असतं, म्हणजे खालच्या खुणेवर असेल तर एक लिटर कमी. तेल बोटांत चोळून बघा. चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय, पेट्रोलचा वास आला तर पातळ झालंय, आणि उन्हात धरल्यावर सोनेरी-चंदेरी कणी चमकली तर आत धातू झिजतोय, मग गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

आता आवाजांकडे. मी मनात दोनच गट केलेत, एक आगीचा ठोका आणि एक लोखंडाचा ठोका.

आगीचा ठोका म्हणजे मामांच्या गाडीतला. आमच्या भागात ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवतात ते बघितलं असेल तर हे लगेच कळेल. एका कडेनं काडी लावली की जाळ रांगेनं पुढं सरकत जातो. इंजिनमध्येही तसंच अपेक्षित असतं, प्लगनं ठिणगी टाकली की ज्योत तिथून निघून सेकंदाला साधारण २०-३० मीटर वेगानं कडेकडे जाते, आणि बोअर, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो ती, छोटाच असल्यानं दोनेक हजारांश सेकंदात सगळं जळून होतं. त्याला स्फोट म्हणतात पण तो स्फोट नाही, ते भराभर पण रांगेत जळणं आहे, आणि त्यानं पिस्टनला हळुवार पण जोरदार ढकलायचं असतं. पण ज्योत पुढं येत असताना पलीकडच्या कोपऱ्यात अजून न जळलेलं मिश्रण दाबलं जातं, दाबलं की तापतं, आणि जास्त तापलं की ज्योत पोचायच्या आत तो कोपरा एकदम स्वतःहून भडकतो. आता हा खरा स्फोट. त्याची लाट बोअरच्या भिंतींवर आपटून मागंपुढं फिरते, सेकंदाला साधारण ६ ते ८ हजार वेळा, आणि तोच तो खडे हलवल्यासारखा, किणकिण आवाज. लोखंड लोखंडावर आपटत नसतं तिथं, नुसता वायू आपटत असतो.

म्हणून हा आवाज कधी येतो ते बघा. इंजिनवर लोड आला की. चढ, भरलेली गाडी, वरचा गियर, कमी स्पीड, पाय खाली. गियर उतरवला, पाय सोडला की गायब. उभ्या गाडीत न्यूट्रलला रेस केल्यावर सहसा येत नाही, आणि म्हणूनच त्या हायवेवरच्या गॅरेजवाल्याचा निदान करायचा प्रकार मला पटला नाही.

कारणं काय काय असतात? पहिलं पेट्रोल. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल किती ताकदवान आहे ते नाही, पेट्रोल दाब सोसून किती वेळ न पेटता राहू शकतं त्याचं माप. १९२० च्या दशकात ही मोजपट्टी ठरली, आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० धरलं आणि हेप्टेनला शून्य. आपल्या पंपावरचं साधं पेट्रोल पूर्वी ९१ चं असायचं, २० टक्के इथेनॉलचं आल्यापासून ते ९५ च्या आसपासचं धरतात, महागडं त्याच्याही वरचं. गाडीच्या पुस्तकात ९१ चालेल असं लिहिलं असेल तर रोज महागडं घालून गाडी जास्त पळणार नाही, त्या पैशात दुसरं काहीतरी करा. पण तपासणीसाठी ते झकास आहे. टाकी जवळजवळ रिकामी झाली की निम्मी टाकी महागडं, जास्त ऑक्टेनचं भरा आणि त्याच घाटात त्याच गियरला चालवून बघा, आवाज गेला किंवा बराच कमी झाला तर शंभर टक्के आगीचा ठोका, लोखंडाला पेट्रोलच्या भावाशी काही देणंघेणं नसतं. पण हा उपाय नाही, ही फक्त परीक्षा आहे, कारण ती आग का भडकतेय ते शोधायचं बाकीच राहतं.

रॉकेल मिसळलेलं पेट्रोल हे आपल्याकडचं जुनं दुखणं. रॉकेलचा ऑक्टेन फारच खाली असतो, थोडं मिसळलं तरी इंजिन चढाला किणकिणतं. एखाद्या अनोळखी पंपावर भरल्यापासूनच आवाज सुरू झाला असेल तर आधी तोच संशय घ्या. पंपावर घनता लिहिलेली असते, फिल्टर पेपरची चाचणी मागायचा तुम्हाला हक्क आहे, कागदावर थेंब टाकला आणि उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळ, मागायला लाजू नका. आणि आता सगळे इथेनॉलला दोष देतात म्हणून सांगतो, इथेनॉलचा ऑक्टेन १०० च्या वर असतो, १०८ च्या आसपास, त्यामुळं २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं आगीचा ठोका वाढायचं कारण नाही. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, ॲव्हरेज हे प्रश्न आहेत, ते वेगळे.

ही ठोक्याची भानगड किती जुनी आहे बघा. १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली थॉमस मिजलीनं पेट्रोलात शिशाचं संयुग मिसळलं की ठोका थांबतो हे शोधलं. अल्कोहोलनंही थांबतो हे तेव्हाही माहीत होतं. पण शिसं अगदी थोडं लागायचं आणि स्वस्त पडायचं, म्हणून तेच जगभर गेलं, आणि पुढची कितीतरी दशकं रस्त्याकडेला राहणाऱ्या पोरांच्या रक्तात शिसं जात राहिलं. भारतात शिसंवालं पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं. इंजिनमधल्या एका आवाजासाठी माणसांनी एवढी किंमत मोजलीय, हे वाचल्यापासून मला तो आवाज किरकोळ वाटत नाही.

पेट्रोल ठीक असेल तर उष्णता बघा. रेडिएटरची जाळी बुजलेली, कूलंट कमी, फॅन उशिरा लागतो, थर्मोस्टॅट अडकलेला. मग पिस्टनवर जमलेला कार्बन, तो निखाऱ्यासारखा तापून राहतो आणि जागाही खातो म्हणून दाब वाढतो. मग चुकीचे प्लग, म्हणजे आटे बसतात पण हीट रेंज, म्हणजे प्लग किती गरम राहतो ते, वेगळी, अशा प्लगचं टोक लाल राहतं. मग हवा जास्त आणि पेट्रोल कमी, म्हणजे इंजेक्टर तुंबलेला किंवा इनटेकला कुठंतरी हवा चोरली जातेय. सीएनजी किट बसवलेल्या गाडीत आणखी एक, काही किटबरोबर टायमिंग पुढं ओढणारा, म्हणजे ठिणगी लवकर टाकणारा, छोटा डबा बसवतात, सीएनजीला तो चालतो कारण सीएनजीचा ऑक्टेन खूप वर असतो, पण पेट्रोलवर गेल्यावरही टायमिंग पुढंच राहिलं तर गाडी ठोके मारणारच. तुमची गाडी फक्त पेट्रोलवर वाजते आणि सीएनजीवर नाही असं असेल तर किटवाल्याकडे जा, इंजिनवाल्याकडे नको.

नव्या गाड्यांत ब्लॉकला नॉक सेन्सर असतो, आत एक असा स्फटिक असतो की जो कंपनानं दाबला की वीज देतो. त्याला ठोका ऐकू आला की कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा टाकायला लागतो, आवाज जातो, पिकअपही थोडा जातो. म्हणजे नव्या गाडीत तुम्हाला स्वतःच्या कानानं ठोका ऐकू येतोय याचा अर्थ एकतर सेन्सर मेलाय किंवा कॉम्प्युटरला जेवढं मागं सरता येतं तेवढं सरून झालंय. स्कॅनरवर पी०३२५ असा कोड आला तर सेन्सरची वायर, सॉकेट बघा, आणि एक गोष्ट जी गडबडीत विसरली जाते, तो सेन्सर ठराविक टॉर्कनंच आवळायचा असतो, बहुतेक गाड्यांत २० न्यूटन-मीटरच्या आसपास, ढिला किंवा फार घट्ट झाला की त्याला नीट ऐकू येत नाही.

छोट्या टर्बो पेट्रोलवाल्यांनी एवढं करा, कमी आरपीएमला वरच्या गियरमध्ये पाय पूर्ण दाबू नका. त्या इंजिनांत तेलाचा एखादा थेंब आत जाऊन ठिणगीच्या आधीच आग लावतो, आणि असा एकच मोठा धडाका पिस्टनची रिंग बसते ती कडा तोडू शकतो. यापासूनही वाचवणारा तेलाचा एपीआय एसपी हा दर्जा २०२० मध्ये आला, डब्यावर तो बघून घ्या.

आता लोखंडाचा ठोका. यात मला जास्त बोलायचंय कारण मी यात हात पोळून घेतलेत.

बैलगाडीचा आस बघितलाय ना, त्याला वंगण घालायचे ते चाक मऊ फिरावं म्हणून, आणि वंगण सुकलं की आधी कुरकुर, मग आस झिजून चाक डुलायला लागतं. क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा, कनेक्टिंग रॉड म्हणजे पिस्टनला त्याच्याशी जोडणारा दांडा. त्या दोघांच्या मध्ये असंच आहे, फक्त मध्ये दोन अर्धगोल शेल, म्हणजेच बेअरिंग, असतात आणि त्यांच्यात व क्रँकमध्ये जागा असते जेमतेम ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. त्या फटीत पंपानं तेल ढकललेलं असतं आणि क्रँक फिरायला लागला की तो तेलाची पाचर करून तिच्यावर तरंगतो, पावसात भरधाव गाडीचं टायर पाण्यावर तरंगतं तसा, धातू धातूला लागतच नाही. आणि ताकद किती असते तिथं? ७० मिलिमीटरच्या पिस्टनवर ५० बार दाब आला की जवळजवळ दोन टन भरतो, म्हणजे दोन छोट्या गाड्या एकावर एक ठेवल्यासारखं, मिनिटाला हजारभर वेळा, आणि ते सगळं केसाहून पातळ तेलाच्या थरावर. तो थर आहे म्हणून इंजिन लाख-दोन लाख किलोमीटर चालतं. थर फाटला की शेल झिजतो, फट वाढते, फट वाढली की तेल बाजूनं सांडतं आणि प्रेशर आणखी कमी होतं, मग आणखी झीज. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

आवाज जड, खोल, चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या, बाजूनं येतो, हातोडीनं दारावर ठोकल्यासारखा. कधी येतो? इंजिन गरम झाल्यावर जास्त, कारण गरम तेल पातळ होतं. न्यूट्रलला २००० ते २५०० आरपीएमला पाय स्थिर धरायचा आणि किंचित सोडायचा, त्या सोडण्याच्या क्षणी रॉडवरचा जोर उलटा होतो आणि ढिला शेल स्पष्ट ठोकतो. मेन बेअरिंग, म्हणजे क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारं, गेलं असेल तर आवाज आणखी खालच्या पट्टीतला आणि जोर लावल्यावर येतो, कधीकधी पायाला फ्लोअरमधून कळतो.

कुठला सिलेंडर ते शोधायला एकेका इंजेक्टरचं सॉकेट काढून बघतात, ज्याचं काढल्यावर आवाज एकदम कमी होतो तो गुन्हेगार, कारण तिथं आग लागत नाही म्हणून रॉडवर जोर येत नाही. कॉइलचं सॉकेट काढण्यापेक्षा इंजेक्टरचं काढलेलं बरं, नाहीतर कच्चं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. डिझेलवाल्यांनी मात्र हे नीट वाचा. जुन्या जीप-ट्रॅक्टरला मेस्त्री इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करून हीच परीक्षा घ्यायचे. कॉमन रेल डिझेलला, म्हणजे आजकालच्या डिझेल गाड्यांना, असं कधीही करायचं नाही. तिथं दाब दीड-दोन हजार बार असतो, ती धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते. कॉमन रेलला स्कॅनरवरूनच सिलेंडर बंद करून बघायचं.

माझ्या आधीच्या गाडीचं तेल एका गॅरेजमध्ये बदललं होतं. जुना फिल्टर काढताना त्याचं रबरी वायसर इंजिनलाच चिकटून राहिलं आणि नवा फिल्टर त्याच्यावरच बसवला गेला, दोन वायसर एकावर एक. आठवडाभर काही कळलं नाही, मग तेल थेंबथेंब जात राहिलं, आणि कोल्हापूरच्या अलीकडे ठोका सुरू झाला. मी ४० किलोमीटर तशीच चालवली. इंजिन उतरवल्यावर एका रॉडचा शेल झिजून तांबं दिसत होतं आणि क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे शेल जिथं बसतात त्या गुळगुळीत भागावर, नखाला लागतील एवढ्या रेघा पडल्या होत्या. पहिल्या किलोमीटरलाच थांबलो असतो तर कदाचित तेल भरून, शेल बदलून भागलं असतं, ते दुःख मला अजून आहे.

दुरुस्ती कशी होते ते माहीत असावं म्हणजे फसत नाही. चेंबर काढतात, रॉडची कॅप सोडतात, शेल बघतात. क्रँकचा जर्नल मायक्रोमीटरनं दोन-तीन दिशांनी मोजतात, अंडाकृती झालाय का बघायला. जर्नल चांगला असेल तर त्याच साइजचे नवे शेल बसतात. रेघा असतील तर क्रँक काढून ग्राइंडिंगला जातो, ०.२५ मिलिमीटर घासला तर शेलही ०.२५ चेच जाड घ्यायचे. रॉडचे बोल्ट बऱ्याच इंजिनांत एकदाच ताणायचे असतात, जुने परत वापरू देऊ नका. तेलाचा पंप, त्याची जाळी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रँक-ब्लॉकच्या तेलाच्या वाटा धुणं, कारण झिजलेल्या शेलची भुकटी त्या वाटांत बसलेली असते आणि ती तशीच राहिली तर नवे शेलही थोड्याच दिवसांत जातात. फक्त शेल बदलून देतो म्हणणाऱ्याला वाटा कशा धुणार ते विचारा.

जाड तेल घालून आवाज दाबणं हा इलाज नाही, ते दुखण्यावर पांघरूण आहे. तरी तेलाचा जाडपणा किती महत्त्वाचा आहे ते एका घटनेवरून कळतं, २०२५ मध्ये जनरल मोटर्सनं ६.२ लिटरच्या व्ही८ इंजिनाच्या जवळजवळ ६ लाख गाड्या अमेरिकेत परत बोलावल्या, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकच्या दोषासाठी, आणि तपासणीत चांगल्या निघालेल्या इंजिनांनाही पातळ ०डब्ल्यू-२० च्या जागी ०डब्ल्यू-४० तेल दिलं. पण तिथं तपासून मग तेल बदललं. आपल्याकडे जुनी गाडी विकताना ठोका लपवायला जाड तेल भरतात, म्हणून सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवा, गार हवं. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी ती चालवून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

बाकीचे लोखंडाचे आवाज थोडक्यात. गार इंजिनला पोकळ टपटप आणि गरम झाल्यावर नाहीशी, तर पिस्टन बोअरमध्ये डुलतोय, गरम झाल्यावर पिस्टन फुगतो म्हणून जागा भरते, असं इंजिन तेल पीत नसेल तर पुष्कळ वर्षं चालतं, घाबरू नका. वरून, हेडकडून बारीक किटकिट आली तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा भाग. ज्या गाड्यांत टॅपेट सेटिंग करावं लागतं तिथं फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून करून घ्या, पण पार आवाज बंद करा असा हट्ट धरू नका, फट अजिबात ठेवली नाही तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंद खर्रर्र आणि मग शांत, तर टायमिंग चेनचा टेंशनर, हा पुढं ढकलू नका, चेन दात सोडून गेली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

टॅपेट की क्रँक हे कानाला कळत नसेल तर मोबाइल वापरा. चार स्ट्रोकमध्ये क्रँक दोनदा फिरतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. ८०० आरपीएमला क्रँकचा आवाज सेकंदाला १३ वेळा येतो, कॅमकडचा सहा-सात वेळा. एवढं मोजता येत नाही, पण आवाज रेकॉर्ड करून पाव वेगानं ऐका, मग दहा सेकंदांत ३३ च्या आसपास ठोके आले तर खालचा, १७ च्या आसपास आले तर वरचा. मी हे करून बघितलंय, अगदी साध्या फोनवर जमतं. आणि लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला, हा जुना प्रकार अजूनही भारी आहे, फक्त ओढणी, सैल शर्ट, केस सांभाळा, रेडिएटरचा फॅन न सांगता सुरू होतो.

पुराच्या पाण्यातून काढलेल्या गाड्यांचं वेगळं लिहितो, कारण २०१९ च्या पुरानंतर सांगली-कोल्हापूरला अशा गाड्या बऱ्याच बघितल्या. इनटेकमधून पाणी आत गेलं की पिस्टन ते दाबू शकत नाही, पाणी दबतच नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी नंतर सुरू होते सुद्धा, पण एक सिलेंडर कमी दाबाचा आणि ठकठक. पाण्यात बंद पडलेली गाडी परत सेल मारायची नाही, अजिबात नाही. प्लग काढून पाणी बाहेर काढूनच मग, तेही मेस्त्रींच्या हातून.

आणि इंजिन उघडायच्या आधी इंजिनबाहेरचं सगळं तपासून घ्या. एसी बंद केल्यावर आवाज गेला तर कॉम्प्रेसर किंवा त्याची पुली. क्लच दाबल्यावर बदलला तर क्लच, रिलीज बेअरिंग किंवा गियरबॉक्स. बाहेरचा बेल्ट काढून अर्धा मिनिट इंजिन चालवलं आणि शांत झालं तर अल्टरनेटर वगैरे, पण अर्धाच मिनिट, कारण काही गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो. ठराविक आरपीएमलाच पत्रा वाजतोय तर सायलेन्सरवरची उष्णता अडवणारी पत्री ढिली झालेली असते, एका क्लिपनं काम होतं. गियर टाकताना एकदाच धप्प होत असेल तर इंजिनचं माउंटिंग.

मामांच्या गाडीत शेवटी काय निघालं? रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे घट्ट बसलेले, आणि आधीच्या सर्व्हिसमध्ये बसवलेले प्लग दुसऱ्याच हीट रेंजचे. जाळी उलट्या बाजूनं पाणी मारून धुतली, कूलंट बदललं, पुस्तकात लिहिलेले प्लग टाकले, दुपारपर्यंत सगळं झालं. परतीच्या वाटेला खंबाटकीचा घाट लागत नाही, बोगदा लागतो, म्हणून तिथं खात्री करता येणार नव्हती. मेस्त्री म्हणाले, "काका, यवतेश्वरला एक चक्कर मारू." सगळे बसलो, एसी लावला, मामांनी यवतेश्वरचा घाट आधी तिसऱ्यात चढवला आणि एका वळणानंतर मेस्त्रींनी सांगितलं म्हणून मुद्दाम चौथा टाकून पाय दाबला. गाडी जड झाली, कुरकुरली, पण खडे वाजले नाहीत. मेस्त्री म्हणाले, "आता तिसरा टाका काका, इंजिनला कशाला त्रास देताय."